रेकॉर्डवरचा डीप पर्पल आणि स्टेजवरचा डीप पर्पल: बँड जोखायचा कशावर?

प्रश्न थोडक्यात असा आहे. डीप पर्पल या इंग्लिश रॉक बँडची ‘मशीन हेड’ ही रेकॉर्ड तुम्हाला पाठ आहे. तीच गाणी ‘मेड इन जपान’ या लाइव्ह रेकॉर्डवर ऐकली की भलतीच वाटतात. मित्र म्हणतात, लाइव्ह तेच खरं, स्टुडिओ म्हणजे नुसती सजावट. पण अलीकडे तुम्ही एका मोकळ्या मैदानावर हेवी रॉकचा कार्यक्रम ऐकलात, तेव्हा छातीत नुसते दणके बसत होते आणि गिटार कुठे सापडतच नव्हती. मग बँड जोखायचा कशावर?

मी २८ वर्षं लाइव्ह साउंडचं काम करतोय. नाटकं केली, गणपतीतले ऑर्केस्ट्रा केले, आणि संधी मिळेल तेव्हा रॉक बँडही केले. डीप पर्पलचा चाहता मी त्याच्याही आधीपासून आहे, त्यामुळे हे उत्तर लांबणार. तुमच्या मित्रांचं म्हणणं बऱ्याच बँडांना लागू पडतं. या जोडीला मात्र ते लागू पडत नाही, कारण ‘मशीन हेड’ मुळात स्टुडिओत झालेलीच नाही.

१९७१ च्या डिसेंबरात ही पाच माणसं स्वित्झर्लंडमध्ये लेक जिनिव्हाच्या काठावरच्या माँत्रो गावी गेली: गायक इयन गिलन, गिटारवर रिची ब्लॅकमोर, ऑर्गनवर जॉन लॉर्ड, बेसवर रॉजर ग्लोव्हर, ड्रमवर इयन पेस. स्टेजवर आपण जसे वाजतो तसं रेकॉर्डवर उतरत नाही ही त्यांची जुनी खंत होती. म्हणून स्टुडिओ टाळून, हिवाळ्यात बंद होणाऱ्या तिथल्या कसिनोत वाजवायचं आणि रोलिंग स्टोन्सच्या मालकीची फिरती रेकॉर्डिंग व्हॅन बाहेर उभी करायची, असा बेत होता. ४ डिसेंबरला त्या कसिनोत फ्रँक झापा या अमेरिकन रॉक संगीतकाराचा कार्यक्रम सुरू असताना प्रेक्षकांतल्या कुणीतरी फ्लेअर गन (इशाऱ्याचा जाळ सोडणारं पिस्तूल) छताकडे झाडली आणि सगळी इमारत जळून गेली. तळ्यावर पसरलेला तो धूर पुढे याच रेकॉर्डवरच्या ‘स्मोक ऑन द वॉटर’ या गाण्यात आला. इथवरची कथा सगळ्यांना माहीत असते. माझ्या दृष्टीनं महत्त्वाचं आहे ते पुढचं.

कसिनो गेल्यावर त्यांना गावातलं पॅव्हिलियन नावाचं नाट्यगृह मिळालं. तिथे एक ट्रॅक वाजवून होतो न होतो तोच शेजाऱ्यांच्या तक्रारीवरून पोलीस दारात आले. टेक पुरा होईपर्यंत रोडींनी, म्हणजे बँडचं सामान सांभाळणाऱ्या मदतनिसांनी, आतून दारं धरून ठेवली होती, असं बँडवाले सांगतात. ‘स्मोक ऑन द वॉटर’चा वाद्यांचा भाग तो हाच. तिथून उठून ते ग्रँड हॉटेलात गेले. हॉटेल हिवाळ्यासाठी बंद होतं, थंडगार पडलं होतं. तळमजल्याच्या कॉरिडॉरमध्ये गाद्या उभ्या करून त्यांनी आडोसे केले आणि वाद्यं मांडली. व्हॅन बाहेर. तिथवर जाऊन आपण वाजवलेलं ऐकायचं तर खोल्या-बाल्कन्यांतून वळसे घालत जावं लागे. मग त्यांनी सारखं जाऊन ऐकणंच सोडलं. टेक चांगला झाला असं पाचही जणांना वाटलं की पुढचं गाणं. जेमतेम तीन आठवड्यांत रेकॉर्ड उरकली आणि १९७२ च्या मार्चमध्ये बाजारात आली.

याचा आवाजावर काय परिणाम होतो ते सांगतो. तुम्ही वाजवलेलं लगेच काचेपलीकडे जाऊन ऐकता, तेव्हा तुमचं लक्ष चुकांकडे जातं. ही पट्टी जरा पुसू, तो ठोका जरा मागे पडला, पुन्हा घेऊ. दहाव्या टेकला चूक एकही नसते आणि जीवही नसतो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. माँत्रोच्या त्या कॉरिडॉरमध्ये ती सोयच नव्हती. पाच माणसं हाताच्या अंतरावर, एकमेकांच्या खांद्यांची हालचाल बघत वाजवत होती. ‘लेझी’ हेडफोनवर ऐका. ऑर्गन थांबतो आणि बाकीचे आत येतात तिथे पेस किती उशिरा, अगदी शेवटच्या क्षणाला ठोका टाकतो ते ऐका. समोरच्या माणसाच्या हाताकडे बघितल्याशिवाय असं वाजवता येत नाही. ड्रमचा आवाजही मोठ्या हॉलसारखा घुमत नाही आणि कोरडा ठक्कही नाही. भिंती जवळ आहेत हे कानाला कळतं.

आता ‘हेवी’ या शब्दाबद्दल, कारण तुमच्या प्रश्नाची मेख तिथेच आहे.

हेवी म्हणजे मोठा आवाज, असा समज असतो. तो समज यायला शारीरिक कारणही आहे. कमी आवाजात आपल्या कानाला खर्जातले स्वर फार कमी ऐकू येतात; आवाज वाढवला की खर्ज भराभर वर येतो. फ्लेचर आणि मनसन या दोघांनी १९३३ मध्ये हे मोजून मांडलं. घरी रात्री हळू आवाजात ऐकलेली रेकॉर्ड पातळ वाटते आणि तेच गाणं मैदानात अंगावर येतं, त्यातला मोठा भाग हा आहे. बँड तोच, कान वेगळा वागतो. म्हणून रेकॉर्ड आणि लाइव्ह यांची तुलना करायचीच असेल तर दोन्ही सारख्या आवाजात ऐका, आणि घरच्यांची परवानगी असेल तेवढ्या मोठ्या आवाजात ऐका. अर्ध्या मतभेदांचा निकाल तिथेच लागतो.

पण उरलेला अर्धा भाग मांडणीचा असतो. ‘स्मोक ऑन द वॉटर’ची सुरुवात घ्या. जगातल्या प्रत्येक नवशिक्यानं वाजवलेली ती रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी गिटारची ओळ, ब्लॅकमोर पिकनं (तार छेडायच्या तुकड्यानं) वाजवत नाही, दोन तारा बोटांनी एकदम उचलतो. त्यामुळे दोन्ही स्वर एकाच क्षणी उमटतात आणि रिफ दगडासारखी घट्ट वाटते. आधी गिटार एकटी. मग हाय-हॅट (ड्रमसेटमधली झांजांची जोडी), ऑर्गन, ड्रम असे एकेक जण येतात. बेस सगळ्यात शेवटी. तो बेस आत येतो त्या क्षणी खोलीतली जमीन खाली गेल्यासारखं वाटतं. आवाजाचा काटा त्या क्षणी फारसा हललेला नसतो. आतापर्यंत खालची जागा रिकामी ठेवली होती, ती भरली एवढंच. हेवीपणा म्हणजे माझ्या लेखी ही रिकामी ठेवलेली जागा. जो बँड पहिल्या ठोक्यापासून सगळी जागा भरतो त्याच्याकडे पुढे द्यायला काही राहत नाही.

या बँडमध्ये ही जागा राखणं दुप्पट अवघड होतं, आणि त्याला कारण जॉन लॉर्ड. बऱ्याच बँडांत ऑर्गन मागे पडद्यासारखा असायचा. लॉर्डनं आपला हॅमंड सी-३ गिटारच्या मार्शल अ‍ॅम्प्लिफायरला जोडला. अ‍ॅम्प ताणला की आवाज फाटतो, आणि तो फाटलेला ऑर्गन गिटारच्याच पट्ट्यात गुरगुरतो. पहिल्यांदा ऐकणारे कितीतरी लोक लॉर्डला ब्लॅकमोर समजतात. मिक्सरवर बसणाऱ्या माणसाला विचारा, एकाच पट्ट्यातली दोन आक्रमक वाद्यं म्हणजे काय डोकेदुखी असते. यांनी ती वाजवण्यातच सोडवली. गिटार धावते तेव्हा ऑर्गन तुटक, आखूड वाजतो. ऑर्गन सुटतो तेव्हा ब्लॅकमोर दोन-तीन तारांवर आवरून घेतो किंवा चक्क थांबतो. चांगला साथीदार गायकाची जागा ओळखून हात आवरता घेतो, तसंच. लॉर्ड २०१२ मध्ये गेला. तेव्हापासून अनेक हॅमंडवाले ऐकले. तो गुरगुराट बऱ्याच जणांनी मिळवला, ते थांबणं फार थोड्यांनी.

‘हायवे स्टार’ हे गाणं तुमच्या प्रश्नासाठी सगळ्यात उपयोगी आहे, कारण ते रेकॉर्डच्या आधी स्टेजवर होतं. १९७१ मध्ये पोर्ट्समथच्या कार्यक्रमाला जाताना बसमध्ये एका पत्रकारानं विचारलं, तुम्ही गाणी रचता कशी? ब्लॅकमोरनं गिटार घेतली आणि एकाच स्वरावर धावता ठेका धरला, गिलननं त्यावर शब्द टाकले. गाणं लगेच कार्यक्रमांत वाजायला लागलं. माँत्रोला पोचेपर्यंत ते स्टेजवर घासून-पुसून तयार झालेलं होतं. म्हणजे इथे आधी लाइव्ह, मग रेकॉर्ड, आणि मग पुन्हा लाइव्ह असा प्रवास आहे.

रेकॉर्डवर ब्लॅकमोरनं एक गोष्ट केली जी तो सहसा करत नसे: सोलो आधी स्वरनस्वर बसवला. बाखच्या चालीच्या स्वरसंगतीवर तो धावता भाग आहे, आणि तो दोन गिटारांचा आहे. एक वाजवून झाल्यावर त्यानं तिच्या वर दुसरी, सुसंवादी ओळ वाजवली. हे निखालस रेकॉर्डिंगचं काम. इथे तुमच्या मित्रांना सांगा की सजावट म्हणतात ती ही, आणि ती काढून टाकली तर गाण्याचा मुकुट जाईल.

‘मेड इन जपान’साठी हे गाणं टिपलं त्या ओसाकातल्या स्टेजवर ब्लॅकमोर एकटा. दुसरी ओळ कोण वाजवणार? ‘मेड इन जपान’वर तो भाग येईल तेव्हा गिटारकडे लक्ष देऊ नका, गिटारच्या खाली ऐका. लॉर्ड आणि ग्लोव्हर मिळून तिथे असा रेटा लावतात की दुसऱ्या गिटारची आठवणच येत नाही. पेसच्या स्नेअर ड्रमला मोकळी सुटलेली धार आहे आणि लय चढी वाटते. एकट्या गिटारची ओळ थोडी खडबडीत आहे, एक-दोन जागी स्वर घसटून जातो. मला ती घसट हवी असते. रेकॉर्डवरचा सोलो मी मनात गुणगुणू शकतो; ओसाकाचा सोलो ऐकताना अजूनही श्वास धरून बसतो.

‘मेड इन जपान’ची जन्मकथाही मजेची आहे. बँडला लाइव्ह रेकॉर्ड नको होती. जपानमधल्या कंपनीला फक्त तिथल्या बाजारासाठी एक हवी होती. बँडनं अटी घातल्या: इंजिनियर आमचा, टेप आमच्या ताब्यात, आम्हाला पटलं तरच बाहेर. इंजिनियर म्हणजे मार्टिन बर्च, जो माँत्रोला त्या व्हॅनमध्ये बसला होता तोच. १९७२ च्या १५ आणि १६ ऑगस्टला ओसाकाचा फेस्टिव्हल हॉल, १७ ला टोकियोचं बुडोकान, असे तीन कार्यक्रम टिपले गेले. यंत्र ८ ट्रॅकचं, म्हणजे आठ आवाज वेगवेगळे टिपणारं. आज मी एकट्या ड्रमसेटला ८ ते १२ माइक लावतो. बर्चनं ८ ट्रॅकमध्ये अख्खा बँड आणि प्रेक्षक बसवले. सगळा खर्च साधारण ३,००० डॉलर. मिक्सिंगला ग्लोव्हर आणि पेस हजर होते, बाकीच्यांना रस नव्हता. नंतर स्टुडिओत काहीही पुन्हा वाजवलं किंवा गायलं नाही.

या शेवटच्या वाक्याचं वजन लक्षात घ्या. सत्तरच्या दशकातल्या बऱ्याच गाजलेल्या लाइव्ह रेकॉर्डी मागाहून दुरुस्त केलेल्या आहेत. जुडास प्रीस्ट या हेवी मेटल बँडची १९७९ ची ‘अनलीश्ड इन दि ईस्ट’ टोकियोत टिपलेली, पण गायन नंतर पुन्हा केलं, हे त्यांचा गायक रॉब हॅलफर्डनं स्वतःच कबूल केलंय. रेकॉर्ड म्हणून ती जबरदस्तच आहे, मी आजही लावतो. पण मित्र ‘लाइव्ह तेच खरं’ म्हणतात तेव्हा कुठलं लाइव्ह, हे विचारायला हवं.

८ ट्रॅकचा आणखी एक गुण आहे. ट्रॅक कमी म्हणजे नंतर फेरफार कमी. ड्रमच्या माइकात गिटार शिरलेली असते, गायकाच्या माइकात ड्रम शिरलेला असतो. आम्ही त्याला लीकेज म्हणतो आणि आयुष्यभर त्याच्याशी भांडतो. पण वादक आपापला तोल सांभाळून वाजवत असतील तर हेच लीकेज सगळ्यांना एका जागेत आणून बसवतं. बर्चनं ऑर्गन एका बाजूला आणि गिटार दुसऱ्या बाजूला ठेवली, मध्ये बेस, ड्रम आणि गळा. एका कानात लॉर्ड, दुसऱ्यात ब्लॅकमोर. ज्याला दोघांचे आवाज ओळखू येत नाहीत त्याला मी हीच रेकॉर्ड देतो. दोन संध्याकाळींत कान तयार होतो.

गाण्यांच्या लांबीकडे बघा. ‘स्पेस ट्रकिन’ माँत्रोला साडेचार मिनिटांचं, जपानात जवळजवळ २० मिनिटांचं. दोन तबकड्यांच्या त्या संचात चौथी बाजू पूर्ण त्याची आहे. ‘लेझी’ सव्वासात मिनिटांवरून साडेदहावर. रेकॉर्ड ही बंदिश आणि स्टेज हा विस्तार, असं आपल्याकडचा ऐकणारा चटकन म्हणेल, आणि बऱ्याच अंशी ते बरोबर आहे. एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. ख्यालात विलंबितापासून द्रुताकडे जातात. ‘स्पेस ट्रकिन’ आधी पूर्ण वेगात गाऊन संपवतात आणि मग सैल सोडतात. ठेका विरघळतो, लॉर्ड ऑर्गनमधून धातू घासल्यासारखे आवाज काढतो, ब्लॅकमोर अगदी हलक्या आवाजात काहीतरी शोधत राहतो. त्या शांत मिनिटांत ओसाकाचे प्रेक्षक इतके गप्प आहेत की अ‍ॅम्पची घरघर ऐकू येते. हेवी बँडच्या कार्यक्रमात एवढी शांतता मी फार कमी वेळा अनुभवली आहे.

‘स्ट्रेंज काइंड ऑफ वूमन’मधला गिलन आणि ब्लॅकमोरचा सवाल-जवाब मी अनेक गायकांना ऐकवला आहे. गिटार एक तुकडा टाकते, गळा तो उचलतो. गिटार आणखी वर जाते, गळा तिथेही पोचतो. ब्लॅकमोर मुद्दाम आडव्या जागा टाकतो आणि गिलन क्षणभर हसून पुन्हा सूर पकडतो. स्टुडिओत हे कशासाठी करतील? समोर कुणी थक्क व्हायलाच नाही.

याच रेकॉर्डवर ‘द म्यूल’च्या आधी एक क्षण आहे. मॉनिटरचा, म्हणजे वादकांकडे तोंड केलेल्या स्पीकरचा, आवाज वाढवण्याबद्दल स्टेजवर बोलणं चालू आहे, आणि गिलन माइकवरून म्हणतो की सगळंच सगळ्यापेक्षा मोठं करा. ते वाक्य जगभर गाजलं. माझ्या धंद्यात ही मागणी रोज येते. गिटारवाल्याला ड्रम ऐकू येत नाही म्हणून तो अ‍ॅम्प वाढवतो, मग बेसवाला वाढवतो, मग गायकाला स्वतःचा गळा ऐकू येत नाही, त्याचा मॉनिटर वाढवला की माइक शिट्टी मारतो. डीप पर्पलही यात मागे नव्हता. १९७२ मध्ये लंडनच्या रेनबो थिएटरात त्यांचा आवाज ११७ डेसिबल मोजला गेला, तीन प्रेक्षक बेशुद्ध पडले, आणि सर्वांत मोठ्या आवाजाचा बँड म्हणून गिनीज बुकात नोंद झाली. मला या नोंदीचं कधी कौतुक वाटलं नाही. त्याच वर्षी ओसाकात त्यांनी जे केलं ते कुठल्याही मीटरवर मोजता येत नाही.

आता तुमचं मैदान.

तुम्हाला गिटार सापडली नाही याला बहुतेक करून बँड जबाबदार नव्हता. बेसच्या सगळ्यात खालच्या तारेचा स्वर ४१ हर्ट्झचा असतो, त्याची लाट ८ मीटरहून लांब. ती माणसांना, खांबांना, तंबूंना वळसा घालून सगळीकडे पोचते. गिटारची धार आणि गायकाची व्यंजनं २ ते ४ हजार हर्ट्झच्या आसपास असतात. त्या लाटा लहान असतात, पुढच्या रांगांतल्या माणसांच्या अंगात जिरतात, वाऱ्यानं वळतात. त्यातून आजकाल किकचा (पायानं वाजणाऱ्या मोठ्या ड्रमचा) ठोका छातीत बसला नाही तर कार्यक्रम झालाच नाही असं आयोजकांना वाटतं, मग सबवूफर, म्हणजे खर्जाचे स्पीकर, वाढवले जातात. खर्ज वाढला की तो वरच्या आवाजांना झाकतो. तुम्ही ऐकलंत ते हेच.

वेळेची अडचण आणखी वेगळी. आपल्याकडे २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री १० नंतर उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही, त्यामुळे कार्यक्रम आटोपशीर ठेवावा लागतो आणि कात्री नेहमी साउंडचेकला लागते. दुपारी रिकाम्या मैदानावर, उन्हात, २० मिनिटांत लावलेला आवाज संध्याकाळी हजारो माणसं आणि गार हवा आल्यावर तसा राहत नाही. एका कॉलेजच्या मैदानावर मी स्वतः हे भोगलंय. साउंडचेक चोख झाला होता. अंधार पडल्यावर पहिलं गाणं सुरू झालं आणि गायकाचा एक शब्द कळेना. फेडर, म्हणजे मिक्सरवरची आवाजाची सरकपट्टी, वर ढकलला, शिट्टी. शेवटी मी उलटं केलं: बेस आणि किक खाली घेतले, गिटारमधला २५० हर्ट्झच्या आसपासचा कोंदट भाग कापला. तिसऱ्या गाण्याला गळा बाहेर आला, आणि मागचे लोक म्हणाले की आता आवाज वाढवला ते बरं केलंत. मी कमी केला होता.

डीप पर्पल मुंबईत आला १९९५ च्या एप्रिलमध्ये. ब्लॅकमोर दीड वर्षापूर्वीच सोडून गेला होता, गिटारवर नवा स्टीव्ह मोर्स. बाकीचे चौघे माँत्रोचेच. मी कॉलेजात होतो. खूप मागे उभा होतो आणि पेसची काठी स्नेअरवर पडलेली आधी दिसायची, ठोका नंतर यायचा. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. ७० मीटरवर उभ्या माणसाला सेकंदाचा पाचवा भाग उशीर होतो. पुढचे लोक टाळ्या वाजवत होते ते एका लयीत, मागचे दुसऱ्या. मग मी गर्दीतून कडेकडेनं सरकत मिक्सरच्या मचाणापाशी गेलो, आणि चित्र एकदम जुळलं. ऑर्गन कुठे संपतो, गिटार कुठे सुरू होते, सगळं दिसायला लागलं, हो, दिसायलाच. मोर्स ब्लॅकमोरसारखा वाजवत नव्हता, त्याचे स्वर जास्त गोल, जास्त सफाईदार होते. क्षणभर वाईट वाटलं. मग लॉर्डनं गुरगुराट काढला आणि वाईट वाटायला वेळ उरला नाही. मचाणावरच्या माणसाच्या बोटांकडे मी त्या रात्री जितकं बघितलं तितकं स्टेजकडे बघितलं नाही. पुढे या धंद्यात आलो त्याचं मूळ तिथे आहे.

बर्चचा धागा मुंबईत आणखी एकदा आला. १९८१ पासून ११ वर्षं आयर्न मेडन या इंग्लिश हेवी मेटल बँडच्या रेकॉर्डी त्यानं केल्या, १९८५ ची ‘लाइव्ह आफ्टर डेथ’सुद्धा त्याचीच. १ फेब्रुवारी २००८ ला मेडननं आपला जगाचा दौरा मुंबईतून, वांद्रे-कुर्ला संकुलातून सुरू केला आणि त्यातली बहुतेक गाणी त्याच काळातली होती. तीन गिटार, तरी बेसवरच्या स्टीव्ह हॅरिसच्या बोटांचा घोडदौडीचा ठेका मला मोकळा ऐकू येत होता. मी अर्थात मिक्सरजवळ उभा होतो. बर्च २०२० मध्ये गेले. हेवी रॉक ऐकणाऱ्यांपैकी किती थोड्या जणांना त्यांचं नाव माहीत आहे, याची मला खंत वाटते. ‘स्मोक ऑन द वॉटर’ वाजवू शकणाऱ्या प्रत्येक मुलाला ते माहीत असायला हवं.

म्हणून पुढच्या वेळी मैदानात पोचलात की आधी मिक्सरचं मचाण शोधा आणि त्याच्या पुढे-मागे, मधल्या रेषेत उभे राहा. तिथला माणूस स्वतःच्या कानाला बरं वाटेल असाच आवाज लावतो. सबवूफरच्या तोंडाशी आणि पत्र्याच्या भिंतीपाशी थांबू नका. कानात बोळे घाला, कापसाचे नव्हे, वादकांसाठी मिळतात ते. कामाच्या ठिकाणच्या आरोग्यावर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या नायॉश (NIOSH) संस्थेच्या हिशेबानं ८५ डेसिबल ८ तास चालतो आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला १५ मिनिटं. रॉकचा कार्यक्रम दोन तासांचा असतो. माझ्या बरोबरीच्या दोघांच्या कानात आता चोवीस तास शिट्टी वाजते, आणि ती कुठल्याही फेडरनं खाली येत नाही. बोळे घातले की गिटार जास्त स्पष्ट ऐकू येते, हे करून बघा.

बँड जोखायचा कशावर, याचं माझं उत्तर: रेकॉर्डवर बघा त्यांनी काय ठरवलं, आणि स्टेजवर बघा त्यातलं काय सोडायची त्यांची तयारी आहे. मशीन हेडचा दोन गिटारांचा सोलो त्यांनी ओसाकात सोडून दिला आणि गाणं तरीही उभं राहिलं. ‘स्मोक’ची रिफ त्यांनी सोडली नाही, कारण त्यावर सगळं घर उभं आहे. स्टेजवर रेकॉर्डची हुबेहूब नक्कल करणारा बँड मला एकदा ऐकायला पुरतो. स्टेजवर गाणंच हरवून बसणारा बँड तेवढाही पुरत नाही. जमलं तर १९९३ मध्ये निघालेला ‘लाइव्ह इन जपान’ हा तीन डिस्कचा संचही मिळवा. तिन्ही रात्रींचा बराच भाग त्यात आहे. एकच गाणं तीन रात्री ऐकलंत की कुठली जागा बसवलेली आहे आणि कुठली त्या क्षणी सुचली, हे तुमचं तुम्हालाच कळेल. त्या तीन रात्रींनंतर वर्षभरातच, २९ जून १९७३ ला, त्याच ओसाकात गिलन आणि ग्लोव्हर यांनी बँड सोडला. ऑगस्टमधल्या त्या तीन रात्री ऐकताना हे लक्षात असलं की काही जागा वेगळ्या ऐकू येतात.

नवीन मैदानावर स्पीकर उभे राहिले, केबल टाकून झाल्या, मुलं चहाला गेली की मी अजूनही ‘मेड इन जपान’वरची ‘लेझी’ लावतो. सुरुवातीला लॉर्ड एकटाच आहे, ड्रम नाही, बेस नाही, नुसता ताणलेला हॅमंड. मी आवाज मध्यम ठेवतो आणि चालत चालत अगदी शेवटच्या कुंपणापर्यंत जातो. तो फाटलेला सूर तिथे स्वच्छ फाटलेला ऐकू आला तर परत येतो आणि वादकांना स्टेजवर बोलावतो. कोंदट आला तर पुन्हा मिक्सरवर बसतो.